घरचे संकेतस्थळ आणि त्याची निगा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात प्रथमच जाणारा मराठी मनुष्य एके ठिकाणी थबकतो. आवारातील भिंतीवर देवनागरी अक्षरांच्या ओळींमागून ओळी कोरलेल्या दिसतात आणि वाचू लागताच त्यांची भाषा मराठी असल्याचे त्याच्या ध्यानी येते. भोसले घराण्याचा हा इतिहास दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०३ साली कोरविला. कोरणाऱ्याचे काम संपले आणि त्याबरोबर लेखाची चिंताही बव्हंशी संपली. पुढील दोनशेहून अधिक वर्षे दगडानेच तो सांभाळला आहे.

याच शहरातील राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तेथील स्थिती अगदी निराळी. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरून त्यांत काजळी भरलेली असते. हे पान फार कोरडे झाले की तडकते, ओल लागली की बुरसते आणि किडीचे तर ते भक्ष्यच. म्हणून दक्षिणेत पूर्वापार ताडपत्रांना वनस्पतिज तेल लावण्याची व पोथ्यांशेजारी वेखंडासारखी कीडनाशक द्रव्ये ठेवण्याची रीत आहे. एवढे करूनही पान जीर्ण होतेच. मग जाणत्या लेखकाकडून त्याची नवी प्रत करवून घ्यावी लागते. आज तेथील एखादी पोथी वाचता येते, याचा अर्थ इतकाच की, प्रत्येक पिढीत कोणी तरी तिची काळजी वाहिली.

संगणकांच्या जाळ्यावर स्वतःचे छोटेसे संकेतस्थळ उघडणाऱ्या पुष्कळांना वाटते की, आपण शिलालेख कोरीत आहोत. वस्तुतः त्यांच्या हाती असते ते ताडपत्र. हा भेद ज्याला उमगला, त्याला संकेतस्थळ चालविण्याचे निम्मे शास्त्र समजले. उरलेले निम्मे सांगण्याचा प्रयत्न या पुस्तिकेत केला आहे.

एक उदाहरण

विवेचन सोपे व्हावे म्हणून एक कल्पना करू या. तंजावरातील एका मराठी घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. मराठ्यांचे राज्य तेथे १६७६ पासून १८५५ पर्यंत नांदले. ते लयास गेल्यावरही अनेक कुटुंबे तेथेच राहिली, आणि घरात आपल्या वळणाची मराठी बोलत आली. भोवताली तमिळ, शाळेत तमिळ व इंग्रजी, त्यामुळे नव्या पिढीला ही बोली कानाने कळते, पण लिहिता येत नाही. बाईंनी मनात घेतले की, आजीच्या तोंडचे शब्द, सणावारांच्या चालीरीती, स्वयंपाकाच्या कृती आणि घरातील मोडी कागदांचे देवनागरी रूपांतर हे सारे एका संकेतस्थळावर मांडावे. चेन्नई, बंगलोर आणि परदेशी गेलेल्या आप्तांना ते घरबसल्या वाचता येईल.

हेतू उत्तम आहे. परंतु यातील बहुतेक मजकूर अन्यत्र कोठेही लिहिलेला नाही. संकेतस्थळ नाहीसे झाले तर त्याबरोबर ते शब्दही जातील. म्हणूनच त्याच्या निगेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

संकेतस्थळ म्हणजे काय?

संकेतस्थळ ही मुळात साध्या धारिकांची एक जुडी असते. प्रत्येक पानासाठी एक धारिका. तीत मजकूर आणि त्याबरोबर ‘हे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘येथे चित्र’ अशा सूचना असतात. या सूचनांच्या लिपीला एचटीएमएल म्हणतात. ही जुडी अहोरात्र चालू असणाऱ्या एका संगणकावर ठेवलेली असते. त्यास सर्व्हर हे नाव आहे. वाचकाच्या संगणकातील किंवा दूरध्वनी संचातील ब्राउझर त्याच्याकडे पान मागतो, सर्व्हर त्याची एक प्रत धाडतो आणि ब्राउझर ती वाचून पडद्यावर मांडतो.

जाळ्यातील प्रत्येक सर्व्हर एका अंकात्मक पत्त्याने ओळखला जातो. असे अंक माणसाच्या स्मरणात राहत नाहीत, म्हणून नावे योजली आहेत. नाव सांगताच त्याचा अंकात्मक पत्ता देणारी यंत्रणा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. ती कशी असते हे समजण्यास पुन्हा बृहदीश्वराच्याच मंदिरात जाता येईल. चोळ सम्राट राजराजाने इ. स. १०१४ च्या सुमारास तेथे कोरविलेल्या एका तमिळ लेखात मंदिराच्या सेवेतील चारशे स्त्रियांची यादी आहे. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या देवळातून आली ते, आणि तिला कोणत्या रांगेतील कितवे घर दिले, हे सारे तीत नमूद केले आहे. नावावरून घर शोधण्याची ही सूचीच होय. आधुनिक यंत्रणा हेच करते. फरक असा की, तिची सूची एका भिंतीवर नसून जगभरच्या असंख्य संगणकांत वाटलेली आहे आणि ती सतत बदलत असते.

नाव विकत मिळत नाही

येथे नवशिक्याची पहिली गफलत होते. संकेतस्थळाचे नाव ‘विकत घेतले’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते मुदतीने घेतलेले असते. मुदत एक वर्षाची किंवा काही वर्षांची असते, आणि बहुतेक नावांच्या बाबतीत ती एका वेळी दहा वर्षांहून अधिक वाढविता येत नाही. मुदत संपताच पान दिसेनासे होते. सवलतीचा थोडा काळ मिळतो; तोही गेला की ते नाव कोणालाही घेता येते. मग आजीच्या शब्दसंग्रहाच्या पत्त्यावर भलत्याच मालाची जाहिरात झळकण्याचाही प्रसंग येतो.

असे घडण्याचे कारण बहुधा पैशाची अडचण हे नसते. नाव घेताना दिलेला ई-मेलचा पत्ता पुढे वापरातून जातो, स्मरणपत्रे त्या रिकाम्या पेटीत पडत राहतात, आणि मालकाला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. यास्तव नूतनीकरणाची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि नोंदणीतील ई-मेलचा पत्ता वर्षातून एकदा तपासावा. नाव आणि सर्व्हरवरील जागा ही दोन निरनिराळी भाडी आहेत, हेही विसरू नये.

फुकट मिळणाऱ्या जागेचा मोह अनेकांना होतो. ती घेण्यास हरकत नाही. पण ती दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेली बैठक आहे हे ओळखून असावे. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर जगातील लक्षावधी लोकांनी आपली घरगुती पाने उभारली होती. १९९९ मध्ये ती याहू कंपनीने घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात, जपान वगळता, बंद केली. काही उत्साही मंडळींनी धावपळ करून जेवढे उतरवून घेतले तेवढे वाचले. निदान नाव तरी आपले असावे. म्हणजे जागा बदलावी लागली तरी पत्ता तोच राहतो.

अक्षरांचा प्रश्न

मराठी लिहिणाऱ्यास आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. संगणकास अक्षरे कळत नाहीत. त्याला फक्त क्रमांक कळतात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १९९५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. त्या वेळी आणि पुढेही काही वर्षे मराठी मजकूर लिहिण्याची युक्ती अशी होती की, रोमन अक्षरांचेच क्रमांक वापरावयाचे आणि त्यांवर देवनागरी आकृत्या दाखविणारा खास टंक बसवावयाचा. टंक बनविणारा प्रत्येक कारखाना आपापल्या मनाने क्रमांक ठरवी. ज्याच्या संगणकात नेमका तोच टंक नसे, त्याला मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसे. त्या काळातील कितीतरी पाने आजही सुरक्षित आहेत, परंतु वाचता येत नाहीत. मोडी वाचणारा कोणी न उरलेल्या घरातील दप्तरासारखीच त्यांची अवस्था झाली आहे.

यावरील उपाय म्हणजे युनिकोड ही जागतिक संकेतपद्धती. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरीचा समावेश होता. या पद्धतीत ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. तो सर्व देशांत आणि सर्व यंत्रांवर तोच. २०१४ साली मोडी लिपीलाही तीत स्थान मिळाले. तंजावरच्या दप्तरांच्या दृष्टीने ही घटना मोलाची आहे, कारण सरस्वती महालात मोडी कागदांचा मोठा साठा आहे, आणि मोडीतील मजकूर आता मोडीतच संगणकावर लिहिणे शक्य झाले आहे.

संकेतस्थळावरील मजकूर सदैव युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रूपात, साठवावा. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘तंजावर’ या शब्दात सहा चिन्हे आहेत. तो अठरा बाइटांत बसतो. या हिशेबाने दोन हजार शब्दांचा लेख चाळीस हजार बाइटांच्या आसपास जातो. दूरध्वनी संचाने काढलेले एकच छायाचित्र, लहान न करता चढविले तर, याच्या शंभरपट जागा व्यापू शकते. म्हणून मजकूर मनसोक्त द्यावा, चित्रे मात्र आकाराने लहान करून बेताने द्यावीत. मोडी कागदाचे नुसते छायाचित्र देऊन थांबू नये. खाली त्याचे देवनागरी अक्षरांतर द्यावे. तसे केले तरच तो मजकूर शोधणाऱ्याला सापडतो.

साधी रचना, दीर्घ आयुष्य

संकेतस्थळे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात आणि सर्व्हर ती जशीच्या तशी देतो. दुसऱ्या प्रकारात वाचकाने मागणी केली की एक आज्ञावली माहितीच्या भांडारातून मजकूर काढते आणि तत्क्षणी पान रचून देते. दुसऱ्या प्रकारात सोयी पुष्कळ असतात. परंतु त्या आज्ञावलीतील दोष वरचेवर उघडकीस येतात आणि दर वेळी तिची सुधारित आवृत्ती बसवावी लागते. तसे न केल्यास दोष शोधत फिरणारी स्वयंचलित यंत्रे तिच्यात शिरकाव करतात. पान लहान आहे, त्याकडे कोण पाहणार, हा युक्तिवाद फोल आहे. यंत्र लहानमोठे पाहत नाही.

घरगुती संकेतस्थळाला पहिला प्रकार बहुधा पुरेसा असतो. त्याच्या टिकाऊपणाची साक्ष मोठी बोलकी आहे. जागतिक जाळ्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली आणि १९९१ पर्यंत तेथील पहिले संकेतस्थळ लोकांसाठी खुले झाले. ते साध्या एचटीएमएलमध्ये होते. २०१३ साली सर्नने ते मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले, तेव्हा नव्या ब्राउझरांना ते वाचण्यास काहीच अडचण पडली नाही. मधल्या काळात किती तरी चमकदार साधने आली आणि गेली. त्यांवर विसंबलेली पानेही गेली.

पत्ता बदलू नये

छोट्या संकेतस्थळाचा मालक हौसेने दर दोन-तीन वर्षांनी मांडणी बदलतो आणि त्या भरात पानांचे पत्तेही बदलतो. परिणामी इतरांनी आपल्या लेखनात दिलेले दुवे तुटतात. या रोगाचा प्रसार मोठा आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी मिळेनाशी झाली होती.

ग्रंथपालांना हा प्रश्न पूर्वीपासून परिचित आहे. तंजावर येथे न्यायाधीश असलेल्या आर्थर बर्नेल यांनी राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली. ती १८८० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. विद्वान तिच्यातील क्रमांकांनी पोथ्यांचा उल्लेख करू लागले. पुढे १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्री यांची नवी, अनेक खंडांची वर्णनात्मक सूची निघू लागली. तिच्यात पोथ्यांना नवे क्रमांक मिळाले. पण नव्या क्रमांकाबरोबर बर्नेल यांचा जुना क्रमांकही नोंदविण्यात आला. त्यामुळे जुन्या पुस्तकातील उल्लेखावरूनही आजचा वाचक नेमक्या पोथीपर्यंत पोहोचतो. संकेतस्थळावर हेच करावयाचे असते. पान हलवावेच लागले, तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्यास नव्या पत्त्याकडे आपोआप नेण्याची सूचना सर्व्हरला देऊन ठेवावी. त्याहूनही बरे म्हणजे, आरंभीच पत्ते असे ठरवावेत की पुढे ते बदलण्याची गरजच पडू नये.

प्रतींचे महत्त्व

सरफोजी महाराजांनी पंडितांकरवी दूरदूरचे ग्रंथ मिळविले. जे विकत मिळाले नाहीत, त्यांच्या प्रती करविल्या. युरोपातून मागविलेल्या त्यांच्या संग्रहातील अनेक पुस्तकांवर त्यांची स्वाक्षरी आढळते. ‘प्रत करणे’ हे ग्रंथरक्षणाचे सर्वांत जुने आणि सर्वांत खात्रीचे साधन आहे, आणि संगणकाच्या युगात त्याला पर्याय निघालेला नाही. उलट ते विलक्षण सोपे झाले आहे. ताडपत्राची प्रत करताना लेखकाच्या हातून चुका होत. संगणकाची प्रत मूळाबरहुकूम निघते आणि तिला काही क्षण पुरतात.

जाणकार एक सुटसुटीत नियम सांगतात: प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. आपल्या शिक्षिकाबाईंनी एक प्रत सर्व्हरवर, दुसरी घरच्या संगणकावर आणि तिसरी वेगळ्या तबकडीवर ठेवून ती चेन्नईच्या भाचीकडे दिली, तर हा नियम पाळला गेला. कावेरीच्या खोऱ्यातील दमट हवा कागदाप्रमाणे यंत्रांनाही मानवत नाही, हे ध्यानात ठेवून ही साधने काही वर्षांनी बदलावीत. पेनड्राइव्ह कपाटात टाकून त्यावर वर्षानुवर्षे भरवसा ठेवणे धोक्याचे आहे. प्रत नुसती केली म्हणून निश्चिंत होऊ नये. ती उघडून, दोन-चार पाने वाचून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न तपासलेले रूमालात बांधलेले दप्तर. आत काय उरले आहे ते सोडल्यावाचून कळत नाही.

याशिवाय १९९६ साली स्थापन झालेल्या इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतील संस्थेकडे कोणासही आपल्या खुल्या पानाची प्रत जतन करण्याची विनंती विनामूल्य करता येते. आणि शेवटी, निवडक मजकूर कागदावर छापून गावच्या ग्रंथालयास द्यावा. ही रीत जुनी असली तरी हास्यास्पद मुळीच नाही.

वर्षातून एक दिवस

निगेचे काम रोजचे नाही. ते ठरल्या वेळी करण्याचे आहे. महिन्यातून एकदा आपले पान दुसऱ्याच्या यंत्रावर उघडून पाहावे. पान आणि वाचक यांमधील दळणवळण सुरक्षित राखणारे प्रमाणपत्र थोड्या मुदतीचे असते. ते आपोआप नवे होत आहे ना, हे तेव्हाच कळते. दर तीन महिन्यांनी प्रत करावी. वर्षातून एकदा सर्व दुवे तपासावेत, परवलीचे शब्द व नोंदणीचा तपशील पाहावा, कोणा आप्ताचा दूरध्वनी क्रमांक वा खाजगी माहिती अनवधानाने प्रसिद्ध झाली असल्यास ती काढून टाकावी.

या वार्षिक तपासणीसाठी तमिळनाडूतील रिवाज उपयोगी पडेल. तेथे नवरात्रात सरस्वतीपूजेच्या दिवशी पुस्तके देवीपुढे मांडतात, त्या दिवशी ती वाचत नाहीत, आणि विजयादशमीस पुन्हा हाती घेतात. संकेतस्थळाची तपासणी त्याच विजयादशमीला केली, तर ती विसरण्याचे भय नाही.

मालकानंतर कोण?

आतापर्यंत सांगितलेले सर्व केले तरी एक प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत अवघड आहे. वैयक्तिक संकेतस्थळे बहुतेक वेळा कोणत्याही यांत्रिक बिघाडाने मरत नाहीत. मालक आजारी पडतो किंवा जग सोडून जातो, परवलीचा शब्द कोणास ठाऊक नसतो, भाडे थकते, आणि दिवा विझावा तसे पान विझते.

सरफोजी महाराज १८३२ साली वारले. १८५५ मध्ये त्यांच्या पुत्राच्या निधनानंतर राज्य खालसा झाले. राजाच्या खाजगी ग्रंथसंग्रहाचे अशा वेळी काय झाले असते याची कल्पना सहज करता येते. हिंदुस्थानातील किती तरी संस्थानी संग्रह अशाच प्रसंगी विखुरले गेले. तंजावरचा संग्रह वाचला. त्याची सूची झाली, तो एका जागी राहिला, आणि १९१८ साली तो सार्वजनिक ग्रंथालय म्हणून लोकांसाठी खुला झाला. एका माणसाच्या हौसेची वस्तू समाजाच्या हाती सोपविली गेली. तेथील सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आज अभ्यासकांना पाहता येतात, ती या हस्तांतरामुळे.

आपल्या शिक्षिकाबाईंनीही हेच करावयास हवे. एका वहीत नाव कोठे नोंदले आहे, जागा कोठे घेतली आहे, प्रती कोठे आहेत, भाडे केव्हा भरावयाचे, हे स्वच्छ अक्षरात लिहावे. परवलीचे शब्द निराळ्या बंद पाकिटात घालून विश्वासू माणसाकडे द्यावेत. हा वारस नुसता नेमू नये, तर त्याच्या हातून एकदा तरी नूतनीकरण करवून घ्यावे. आणि मजकूर इतरांनी उतरवून घेण्यास आपली मुभा आहे, असे संकेतस्थळावरच लिहून ठेवावे. कारण परवानगीच्या अभावी पुष्कळ चांगले काम नंतरच्यांना हात लावता न आल्याने नष्ट होते.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा शाळेने किंवा ग्रंथालयाने अंगावर घेतले, तर त्यात सातत्य राहते. वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून शब्द, म्हणी, पाककृती लिहून घ्याव्यात. त्या साध्या पानांत मांडाव्यात. आणि दर वर्षी एका वर्गाने पुढच्या वर्गास किल्ल्या व वही सोपवावी. त्यातून विद्यार्थ्यांना संगणकाचे ज्ञान मिळेल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, लिहिलेले जपावेही लागते हे त्यांना लहानपणीच कळेल.

बृहदीश्वराच्या भिंतीवरील लेखास आपली गरज नाही. परंतु आपल्यापैकी फारच थोड्यांच्या नशिबी तशी भिंत असते. बाकी सर्वांनी ताडपत्रावरच लिहावयाचे आणि पुढच्याने त्याला तेल लावावे अशी व्यवस्था करून जावयाचे.